पाण्याला त्याची वाट परत द्यायची: खान्देशातल्या हंगामी पाणथळ जागांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव बोरी नदीच्या पट्ट्यात, पारोळा-अमळनेरच्या मधलं. गावाच्या खालच्या अंगाला एक मोठं लवण, म्हणजे खोलगट जागा, आहे, जुनी माणसं त्याला डाबर म्हणतात. पंधरा-वीस वर्षं ते कोरडंच होतं, म्हणजे पाऊस पडला तरी कोरडं. आता तीन पावसाळे झाले पाणी परत येतंय आणि तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतून फोन येतात, काय केलं, किती खोदलं, कोणत्या योजनेत बसवलं. प्रश्न बहुतेक तेच तेच असतात म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. मी शेतकरी आहे, जे केलं, जे चुकलं आणि जाणकारांकडून जे शिकलो तेवढंच लिहिलंय.

हंगामी पाणथळ म्हणजे नक्की काय? डबकंच ना ते?

डबकं म्हणजे साचलेलं पाणी. पाणथळीत पाणी येतं, पसरतं, जास्तीचं पुढे निघून जातं आणि उरलेलं हळूहळू आटतं. आपल्याकडे मैदानी भागात पाऊस साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर आणि तोही जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, त्यामुळे आपली पाणथळ पोळ्यापर्यंत भरते, दिवाळीला काठोकाठ असते, संक्रांतीला कडा उघड्या पडतात आणि होळीपर्यंत तळाला भेगा. पाणी गुडघाभर, फार तर कमरेएवढं. नदीकाठची जुनी सोडलेली पात्रं, नाल्याच्या बाजूची लवणं, गायरानातले खोलगट भाग, गावतळ्याच्या वरच्या अंगाची चिखलट जागा, हे सगळं यात येतं. सातबाऱ्यावर बऱ्याचदा पोटखराबा लिहिलेलं असतं आणि त्या एका शब्दाने लोकांना वाटतं जागा वाया गेलेली आहे.

पण उन्हाळ्यात वाळतं तर खोल करून बारमाही केलेलं जास्त चांगलं ना?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि याचं उत्तर सगळ्यात जास्त महत्त्वाचं आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वाळणं हा त्या जागेचा आजार नाही, तो तिच्या वर्षाचा अर्धा भाग आहे. तळ वाळला, भेगा पडल्या की हवा आत जाते, पावसाळ्यात सडलेलं गवत-पानं कुजून मोकळी होतात आणि पुढच्या पाण्याला ते खत मिळतं. वाळल्यामुळे मोठे शिकारी मासे तिथे टिकत नाहीत, म्हणून बेडकांची पिल्लं, चतुरांच्या अळ्या, पाण्यातले बारीक किडे वाढू शकतात. कित्येक बारीक कवचवाल्या जिवांची अंडी कोरड्या चिखलात वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात आणि पाणी आलं की थोड्याच दिवसांत फुटतात. गवताचं आणि लव्हाळ्याचं बी पण तसंच, त्याला उघडा ओलसर चिखल लागतो, तो पाणी उतरतानाच मिळतो.

आमच्याकडे पाणी परत आलं त्या वर्षी १५ जूनच्या आसपास मोठा पाऊस झाला आणि पहाटे डाबराकडून एवढा आवाज की झोप लागेना. बॅटरी घेऊन गेलो तर काठावरच्या पाण्यात पिवळेजर्द बेडूक, हळद लावल्यासारखे, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. ते नर असतात, फक्त विणीच्या दिवसांत असा रंग येतो. माझ्या पोराने ते आयुष्यात पहिल्यांदा बघितले, तो तेव्हा बारा वर्षांचा होता. एवढी वर्षं ते बेडूक कुठल्या बांधाखाली, कुठल्या मातीत तग धरून होते देव जाणे.

बारमाही केलं की काय होतं ते बघायचं असेल तर कालव्याचा पाझर सतत येणारं कुठलंही तळं बघा. आधी पानकणीस भरतं, मग बेशरम, मग जलपर्णी, आणि मोकळं उथळ पाणी संपतं.

आमच्याकडचा प्रवाह तुटला कशाने? पाऊस तर पडतोच.

पाऊस कमी झाला असं सगळेच म्हणतात, आम्ही पण म्हणायचो. पण फिरून बघितल्यावर कारणं दुसरीच निघाली आणि ती बहुतेक गावांत सारखीच असतील.

पहिलं कारण रस्ता. आमच्या डाबराच्या वरून शिवाररस्ता जातो, तो आधी जमिनीच्या लेव्हलला होता, पावसाचं पाणी त्याच्यावरून पसरून डाबरात यायचं. नंतर भराव टाकून उंच केला आणि खाली एकच सिमेंटचा पाईप टाकला, तोही जमिनीपासून हात-दीड हात वर. म्हणजे वरच्या बाजूला दीड हात पाणी तुंबल्याशिवाय एक थेंब पलीकडे जाणार नाही, आणि तुंबलेलं पाणी रस्त्याच्या कडेकडेने वाहून भलत्याच नाल्याला लागायचं. वरच्या शेतकऱ्याची कपाशी पिवळी पडायची आणि खालचं डाबर कोरडं, दोघांचंही नुकसान एकाच पाईपने.

दुसरं, नाला सरळ आणि खोल करणं. नाल्याचा तळ डाबराच्या तळापेक्षा खाली गेला की डाबर भरतच नाही, उलट जेवढी ओल आहे तेवढी पण नाल्याकडे ओढली जाते. पुराच्या वेळी जे पाणी काठावरून बाहेर पसरायचं ते आता खोल चरातून धाडधाड निघून जातं. आणि एकदा तळ खाली गेला की दर पावसाळ्यात तो वरच्या बाजूला खणत खणत जातो, कुणी मशीन लावलं नाही तरी.

तिसरं, कुणीतरी कधीतरी डाबरातून काढलेला निचऱ्याचा चर. आमच्याकडे दोन होते, झुडपात लपलेले. लहान दिसतात पण पोळ्याच्या आधीच सगळं पाणी काढून नेतात.

चौथं मुरूम आणि माती. तळाला चिकण काळ्या मातीचा जो थर असतो तोच पाणी धरतो, वीटभट्टीला किंवा भरावाला तो उचलला की खाली मुरूम उघडा पडतो. नदीतली वाळू उपसल्याने पात्र खाली जातं त्याचाही परिणाम काठच्या पाणथळीवर होतो. आणि वेडी बाभूळ, ती तर सगळीकडे आहे, काठ अडवून बसते.

खोलीकरणाला विरोध आहे का तुमचा? शिरपूर पॅटर्न तर खान्देशातलाच आहे.

सरसकट विरोध नाही. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी जे नाले खोल-रुंद केले त्यामागचा हेतू वेगळा होता, वरचा न झिरपणारा थर काढून पाणी खालच्या वाळू-गोट्याच्या थरात घालायचं, म्हणजे जमिनीत भरायचं. त्या कामाचे फोटो बघून नंतर कुठेही, जमीन कुठलीही असो, मशीन लावायची पद्धत पडली आणि डिसेंबर २०१४ मध्ये सरकारची जलयुक्त शिवार योजना आल्यावर ती वाढली. पाणथळीचं काम बरोबर उलटं आहे, इथे तळाचा चिकण थर हीच खरी संपत्ती, तो फोडला की संपलं. एकच मशीन एका जागी उपयोगाचं आणि दुसऱ्या जागी घात करणारं, एवढंच माझं म्हणणं.

जुनी वाट कशी शोधायची? आता तर काहीच दिसत नाही.

दिसतं, फक्त योग्य दिवशी जायला लागतं. पहिल्या मोठ्या पावसात, पाऊस चालू असतानाच, छत्री आणि बांबूच्या खुंट्या घेऊन निघायचं. पाणी जिथे वळतं, जिथे अडतं, जिथे बांध फोडू बघतं तिथे खुंटी ठोकायची. आमच्या गल्लीतले आप्पा ऐंशीच्या पुढचे, त्यांना ट्रॅक्टरवर बसवून नेलं, तर ते रस्त्याकडे न बघता सरळ एका शेताच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पानीले त्यानी वाट ठाऊक शे, तुम्ही आडा पडनात." त्या कोपऱ्यात खणल्यावर खाली जुन्या ओहोळाची वाळू लागली.

बाकी मग गावनकाशा तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेखमध्ये मिळतो, त्यात नाल्याची जुनी रेघ असते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे असतात. गुगल अर्थवर मागच्या वर्षांचे फोटो मागे-मागे जाऊन बघता येतात, पावसाळ्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे बघा, त्यात ओलसर जागा गडद दिसते.

आणि माती विचारा. फावड्याने दोन फूट खड्डा घ्या, एक ढेकूळ हातात मोडून बघा. जिथे वर्षातून काही महिने पाणी उभं राहायचं तिथली माती राखाडी-निळसर असते आणि तिच्यात गंजासारखे तांबूस ठिपके, जुन्या मुळांच्या कडेने तर तांबूस रेघाच. आमच्याकडे ढेकळात पांढऱ्या गोगलगायींचे शंख सापडले, नखाएवढे, शेकड्याने. पंधरा-वीस वर्षं ज्या जागेला पडीक म्हणत होतो ती काय होती ते त्या एका ढेकळात लिहिलेलं होतं.

मग प्रत्यक्ष काम काय करायचं? जेसीबी किती तास लागतो?

खोदाईचं काम जवळपास नाहीच. आम्ही केलं ते असं.

आधी लेव्हल. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी करतात तशी लेव्हल सगळीकडे घेतली, रस्ता, पाईप, डाबराचा तळ, नाल्याचा तळ, आणि डाबर भरल्यावर पूर्वी जिथून सांडायचं ती जागा. हे केल्याशिवाय फावडं पण उचलू नका, आम्ही पहिल्या वर्षी अंदाजाने काम केलं आणि ते सगळं वाया गेलं.

मग निचऱ्याचे चर बुजवले. इथे एक चूक सगळे करतात, चराच्या तोंडाशी फक्त मातीचा ढीग टाकतात. तो पहिल्या पुरात जातो, कारण पाणी मागे पूर्ण चरात दाबाने उभं राहतं. चर पूर्ण लांबी बुजवता आला तर उत्तम, नाही तर ठरावीक अंतरावर चिकण मातीचे आडवे बुच मारायचे, वीत-वीत थर टाकून, पाणी शिंपडून, धुम्मस करून. माती बाहेरून आणायची, डाबराच्या तळातून नाही.

रस्त्याच्या जागी पाईप काढून फरशी पूल केला, म्हणजे दगड-काँक्रीटची रुंद सपाट फरशी, जमिनीच्या लेव्हलला. मोठ्या पावसात पाणी तिच्यावरून पसरून जातं, तास-दोन तास बैलगाडी थांबते, बाकी वर्षभर काही अडचण नाही. फरशी पूल शक्य नसेल तर एका मोठ्या पाईपऐवजी लांबवर तीन-चार पाईप टाका आणि त्यांचा तळ जमिनीच्या बरोबर किंवा चार बोटं खाली ठेवा, वर नाही.

खोल गेलेल्या नाल्यात अनगड दगडांचे बुटके बांध घातले, गुडघ्याएवढेच, एकामागे एक, म्हणजे त्यांच्या मागे गाळ बसून तळ हळूहळू वर येईल. उंच सिमेंट बांध नको. आणि शेवटी सांडव्याच्या जागी दगड पिचिंग करून जुन्या लेव्हलला पक्का ओठ केला, त्याच्यावर गेलेलं पाणी पूर्वीसारखं नाल्याला मिळतं.

आपल्या फड पद्धतीत, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून शेतीला घ्यायच्या जुन्या रीतीत, हेच शहाणपण होतं की. पांझरेवर तीन-चारशे वर्षं जे बंधारे आणि पाट चालले त्यात पाणी शेतात घेण्याची जेवढी सोय होती तेवढीच जास्तीचं पाणी परत नदीत सोडायची पण होती.

रस्त्याचं काम करणारे ऐकतात का?

वेळ लागतो. आम्हाला एका कार्यालयातून दीड वर्ष "पुढच्या आराखड्यात बघू" एवढंच उत्तर होतं. शेवटी वरच्या शेतकऱ्याला बरोबर घेऊन गेलो, त्याची बुडालेली कपाशी आणि आमचं कोरडं डाबर एकाच फोटोत दाखवलं, ग्रामसभेचा ठराव जोडला, तेव्हा हललं. पाणी तुंबून भराव दरवर्षी खचतो हा मुद्दा त्यांना पक्ष्यांपेक्षा लवकर पटतो.

कायद्याचा काही आधार आहे का?

आहे. पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम २०१७ आहेत, त्यात अधिसूचित पाणथळीत भराव, अतिक्रमण, कचरा, सांडपाणी यांना बंदी आहे. पण नदीचं पात्र, भातशेती आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्या व्याख्येत धरत नाहीत, म्हणजे पाझर तलावासाठी हे नियम घेऊन भांडायला जाऊ नका.

गावपातळीवर जास्त उपयोगाचा आहे तो मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. शेतजमिनीवरच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी बेकायदा अडवला तर तो अडथळा काढायचा आदेश तहसीलदार देऊ शकतात, मात्र अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. शेतरस्त्याच्या भांडणासाठी हे कलम सगळ्यांना माहीत असतं, पाण्यासाठी पण आहे हे फार कमी लोकांना माहीत असतं. तरी आधी बोलून बघा, दावा लावला की त्या घराशी दोन पिढ्या बोलणं बंद होतं.

विहिरींचं पाणी वाढेल ना?

ज्याने तुम्हाला "हमखास वाढेल" सांगितलं त्याच्यावर विश्वास ठेवू नका. काळ्या चिकण तळातून पाणी फार हळू झिरपतं, म्हणून तर ते उभं राहतं. काठाकडून, नाल्याच्या वाळूतून, भेगा पडलेल्या पहिल्या पावसात थोडं जातं. रावेर-यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याला गोट्या-वाळूचा जाड पट्टा आहे, तिथे पाणी मुरण्याची गोष्ट वेगळी, तिथे केळीसाठी उपसाही तसाच प्रचंड. आमच्याकडे काठाच्या दोन विहिरींना फरक जाणवतो, लांबच्यांना नाही. विहिरीचं आश्वासन देऊन लोक जमवले तर दुसऱ्या वर्षी तेच लोक विरोधात जातात.

शेजारच्या शेतात पाणी घुसलं तर?

म्हणून तर सांडव्याची लेव्हल. ज्याचं शेत लवणाच्या कडेला आहे त्याच्या बांधावर आधी खुंटी मारून दाखवा की पाणी जास्तीत जास्त इथपर्यंत येईल, आणि ते त्याला मान्य असेल तरच पुढे जा. आमच्याकडे एका भाऊंचे आठ गुंठे जातात, तिथे ते आता पाणी उतरल्यावर दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरतात. दादरला वरून पाणी लागत नाही, सरत्या ओलीवर येते, आणि त्या गाळपेरीत कडब्याची उंची माणसाच्या डोक्यावर जाते.

डास वाढतील, त्याचं काय?

काळजी खरी आहे. डेंग्यूचा डास घरातल्या टाक्या, टायर, कुंड्या यांच्यात वाढतो, पाणथळीत नाही. मलेरियाचा काठाच्या पाण्यात होऊ शकतो. पण जिथे पाणी येतं-जातं, बेडूक, चतुर, पाणकिडे भरपूर आहेत तिथे अळ्या फार टिकत नाहीत. सांडपाण्याचं गटार मात्र त्यात अजिबात सोडू द्यायचं नाही, मग सगळं गणित बिघडतं.

गप्पी मासे किंवा मत्स्यबीज सोडायचं का?

नाही. गप्पी हौदात ठीक, इथे ते बेडकांची अंडी-पिल्लं खातात. मरळ, मागूर असे मासे पुराच्या पाण्याबरोबर आपले आपण येतात, त्यांना कमी पाण्यात वरून हवा घेता येते. वाट मोकळी असली की पुरे.

काठाने झाडं लावू का? शाळेचा कार्यक्रम करायचाय.

मुलांना न्या, पण झाडं नका लावू. शेकाट्या, तुतारी, टिटवी यांना उघडा काठ लागतो, लांबवर दिसलं पाहिजे. दाट झाडीत शिकारी पक्षी बसतात म्हणून ते उतरत नाहीत. करंज, जांभूळ लावायची तर वर नाल्याच्या काठाने लावा. मुलांकडून वेडी बाभळीची रोपं उपटून घ्या, पहिल्या पावसानंतर मुळासकट निघतात.

पक्षी कोणते येतात, कधी?

पावसाळ्यात टिबुकली आणि हळदी-कुंकू बदक, वीण पण करतात. नोव्हेंबरपासून थापट्या, चक्रवाक. खरी गर्दी पाणी उतरताना, डिसेंबर-जानेवारीत, कारण बोटभर ते वीतभर पाण्यात चोच बुडवून खाणारे पक्षी तेव्हाच येतात. तापी-पूर्णेच्या संगमाजवळ हतनूर धरणाच्या फुगवट्यात हेच मोठ्या प्रमाणावर बघायला मिळतं, जलाशय उतरायला लागला की गाळाचे पट्टे उघडे पडतात आणि त्यांच्यावर पक्षी. म्हणून म्हणतो, उतरतं पाणी ही नासाडी नाही.

गुरं सोडायची का?

पाणी असताना म्हशी थोड्या चालतात. चिखल ओला असताना मोठा कळप नको, तळ तुडवला जातो आणि टिटवीची अंडी पण. फेब्रुवारीनंतर ठेलारी मेंढपाळांच्या मेंढ्या बसवल्या तर उलट चांगलं, वाळलं गवत संपतं आणि लेंडीखत पडतं. आम्ही त्यांना तारखा सांगतो, ते पाळतात.

किती वर्षांत फरक दिसतो?

बेडूक आणि बगळे पहिल्याच पावसाळ्यात. गवत, लव्हाळा दोन-तीन वर्षांत, बी मातीत शिल्लक असेल तर आपोआप. पहिल्या वर्षी तण जास्त येतं, घाबरून तणनाशक मारू नका. दुष्काळी वर्षी भरणारच नाही, तेही चालतं.

सुरुवात कधी करावी?

मातीकाम एप्रिल-मेमध्ये, तळ कडक असतो आणि अंड्यावर कुणी बसलेलं नाही ना ते दिसतं. पण त्याच्या आधी एक पूर्ण पावसाळा नुसतं बघण्यात घालवा. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत, खुंट्या वीस-पंचवीस, टोकाला पांढरा रंग लावलेल्या, आणि गावातलं एक म्हातारं माणूस बरोबर. पाऊस जोरात आला की निघायचं, थांबल्यावर नाही, कारण अर्ध्या तासात पाणी निघून गेलेलं असतं आणि मग रस्त्याच्या कडेला फक्त चिखलाची रेघ उरते, ती पण दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरखाली जाते.